डेर्क गेल्याचं मी दोनदा सांगितलं

डेर्क लामर्टिंक गेला, हे मी आमच्या वस्तीत दोन वेळा घरोघरी जाऊन सांगितलं. पहिल्या वेळी तो गेलेला नव्हता. लोक अजून त्यावर हसतात, आणि मीही त्यांच्यात हसून घेते. पण घरी आले की तेच तेच डोक्यात फिरतं. माझं नक्की चुकलं कुठे, की चुकलंच नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

डेर्क आमच्या समोरच्या घरात राहायचा. रस्ता मध्ये, त्याची स्वयंपाकघराची खिडकी आमच्या भिंतीकडे तोंड करून. चौतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. आमच्या फाटकाशी सहा चाळीसला. एकोणचाळीसला नाही, एक्केचाळीसला नाही. बेरेंड, माझा नवरा, त्याच्यावर घड्याळ लावायचा. डेर्क उतरायचा, टाकीचं झाकण उघडून नाक आत घालायचा, मग नळी जोडायची की नाही ते ठरवायचा. एकदा म्हणाला, "हे दूध मी नेणार नाही." मी वास घेतला, मला तर काहीच कळलं नाही. बेरेंड त्याला वाट्टेल ते बोलला. डेर्क हूं की चूं न करता गाडीत बसला आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी आमच्या दोन गायींच्या कासा सुजल्या. पुढच्या खेपेला डेर्कने त्याचा साधा उल्लेखही केला नाही. त्याचा नकार म्हणजे नकार, त्यात बदल नाही, हे तेव्हापासून वस्तीत सगळ्यांना ठाऊक झालं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सगळा घोळ तिथेच झाला.

त्याची बायको रीके पक्षाघाताने चार वर्षं शुश्रूषागृहात पडून होती. बोलणं नाही, ओळख नाही. डेर्क रोज दुपारी दोनच्या ठोक्याला तिच्याकडे जायचा, तिचे केस विंचरायचा. तिथल्या नर्सला त्याने एकदा विचारलं होतं की हिची यातून सुटका करता येत नाही का. तिने सांगितलं, ज्याचं त्याने मागावं लागतं, नवऱ्याने मागून चालत नाही. रीके गेली त्या दिवशी तो मला म्हणाला, "माझ्या वेळी मी तोंड चालू असतानाच बोलून ठेवेन."

मग त्याची फुफ्फुसं गेली. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचा सिलिंडर. पलंगापासून टेबलापर्यंत चौदा पावलं, त्यात तीनदा थांबायचं. त्या हिवाळ्यात त्याने डॉक्टर तेर हारबाईंना सांगितलं की आता बस, इंजेक्शन देऊन मला मोकळं करा. त्या चाळिशीच्या, बोलायला मऊ, पण प्रश्न विचारायला लागल्या की सोडत नाहीत. पाच-सहा वेळा येऊन त्याच्याशी एकटीने बोलल्या. दुसरा एक परका डॉक्टर बाहेरून येऊन त्याला तपासून, बोलून गेला. कायद्याला लागतात ते कागद झाले. डेर्कने दिवस ठरवला, एप्रिलमधला गुरुवार, दुपारी दोन.

"गुरुवारच का रे?" मी विचारलं.

"बुधवारी कचऱ्याची गाडी येते. डबा आत घेऊन ठेवतो, मग मी मोकळा."

आता आमची रीत सांगायला हवी. आमच्या ट्वेंटेत, म्हणजे हॉलंडच्या या पूर्वेकडच्या भागात, प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. घरात मूल झालं, लग्न निघालं, माणूस गेलं, की पहिलं काम त्याचं. माणूस गेल्यावर घरच्यांनी दारोदार सांगत फिरायचं नसतं. पडदे ओढायचे पहिल्या शेजाऱ्याने, निरोप न्यायचा त्याने, कॉफीही करायची त्यानेच. फोन आले, सगळं आलं, पण आमच्या वस्तीत अजून सायकल काढून दारात जाऊनच सांगतात. आणि डेर्कची पहिली शेजारीण मी.

सोमवारी त्याने मला बोलावून घेतलं. हातात एक कागद दिला. अकरा घरं, त्याच्या ठसठशीत अक्षरात, त्याच्या दुधाच्या फेरीच्याच क्रमाने. फक्त म्हातारी डिना वाटेत पहिली लागत असूनही सगळ्यात खाली.

"तिच्याकडे आधी गेलीस तर बाकीच्यांना तीच सांगून टाकेल," डेर्क म्हणाला. "तीनला निघ."

"मार्लूस मला फोन करेल ना, मग निघते." मार्लूस म्हणजे त्याची मुलगी.

"मार्लूस रडत बसेल. कोणाच्या फोनची वाट बघू नकोस. तीनला मी आटोपलेला असेन."

"अरे, असं घड्याळ लावून कोणी..."

"हर्मिना, मी कधी उशीर केलाय?"

मी त्याच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

गुरुवारी दोनला दहा कमी असताना डॉक्टरांची गाडी त्याच्या दारात लागली. मी काळे कपडे चढवून खुर्चीत बसून राहिले. अडीचलाही गाडी तिथेच. तीन वाजले तशी मी सायकल काढली. त्याच्या फाटकासमोरून जाताना वाटलं, डोकावावं का? पण घरात ते सगळं चालू असताना आपण मध्ये कशाला कडमडायचं, म्हणून पुढे गेले. हे 'पुढे गेले' मी किती वेळा आठवलं असेल.

अकरा घरं केली. दारात उभं राहायचं, आत बसायचं नाही, एकच वाक्य बोलायचं: डेर्क लामर्टिंक आपल्यातून गेला, हे सांगायला आले. पुरुषांनी टोप्या काढल्या. शेवटी डिना. तिने छातीवर क्रूस केला आणि विचारलं, "किती वाजता?"

"दोनला."

"डेर्कच तो," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

मग मी त्याच्या घरी आले, पडदे ओढायला. डॉक्टरांची गाडी गेलेली होती. मागचं दार ढकललं तर लोण्याचा वास. डेर्क टेबलाशी बसला होता. नाकात नळी, पुढ्यात पाव, पावावर तळलेलं अंडं. मार्लूस मोरीशी उभी, तोंड सुजलेलं, ती हसत होती की रडत होती ते कळेना.

"ये," डेर्क म्हणाला. "अंडं खाणार?"

मी दाराची चौकट धरली.

"नाही म्हणालो," तो म्हणाला.

"का?"

त्याने दोन श्वास घेतले. "माहीत नाही. तिने विचारलं, डेर्क, शेवटचं विचारते, हवंय का तुम्हाला हे? मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि नाही आलं."

"आणि मग?"

"मग तिने बॅग बंद केली. म्हणाली, बरं. नंतर कॉफी घेतली, आणि बराच वेळ बसली." तेवढ्यात त्याची नजर माझ्या काळ्या कपड्यांवर गेली. "तू निघाली होतीस?"

"तीनला."

"किती घरं झाली?"

"सगळी."

त्याने काटा खाली ठेवला. मग हसायला लागला, हसता हसता खोकला लागला, आणि मार्लूस धावत आली. खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याची पाठ चोळत होतो. माझा जीव भांड्यात पडला होता आणि लाजेने मेल्यासारखंही झालं होतं, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकल. आता काय बोलायचं, त्याची रीत कुठे आहे? मृत्यू परत घ्यायला जाणारी मी आमच्या वस्तीतली पहिलीच असेन.

गेरिटकडे गेले. त्याचा गोठा सगळ्यात मोठा, तोंडही तसंच.

"म्हणजे डॉक्टर आलीच नाही?"

"आली होती. तो नाही म्हणाला."

"असं ऐन वेळी म्हणता येतं?"

"येतं. त्याच्यासाठीच विचारतात."

"मग रविवारी आम्ही त्याचा शेवटचा निरोप घेऊन आलो तो काय म्हणून? बायको माझी रडून रडून आडवी झालीय. काल परत रडली." त्याने मान खाजवली. "त्याचा हक्क आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण माणसाने एकदा काय ते ठरवावं ना. आता नक्की कधी मग?"

एका घरात केक भट्टीतून निघाला होता, दफनाच्या कॉफीसाठी. तो तिने माझ्याच हातात दिला, म्हणाली, आता त्यालाच खायला घाल. डिना मात्र खुलली. "देव बोलला त्याच्या तोंडून."

"आणि आधी पाच वेळा हो म्हणाला, ते कोण बोललं?" मी विचारलं. मला राग आला होता, कोणावर ते ठाऊक नाही.

मी निघताना डिना हळूच म्हणाली, "पण मग आता कधी गं?"

अकराच्या अकरा घरांनी या ना त्या शब्दांत तेच विचारलं. वाईट कोणी नव्हतं. गाडी चुकली की पुढची कधी, असं विचारतात, त्याच सहजपणे विचारत होते. डेर्कने संध्याकाळी मला विचारलं, "काय म्हणाले लोक?" मला खोटं बोलता येत नाही आणि डेर्कसमोर तर नाहीच, तो दुधातली खोटसुद्धा ओळखायचा. मी सांगून बसले. "विचारत होते, आता कधी." त्याचा चेहरा एकदम लहान झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उशीर झाला होता, आणि तो त्याला मी सांगितला होता.

सोमवारी त्याने डॉक्टरांना फोन केला. म्हणाला, याच गुरुवारी, दोनला. डॉक्टर मंगळवारीच आल्या. मी त्याच्याकडे सूप घेऊन गेले होते, उठायला लागले तर डेर्क म्हणाला, बस.

"आता काय बदललं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लोक खोळंबलेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "लोकांसाठी मी हे करत नाही, डेर्क."

"मी माझ्यासाठीच म्हणतोय."

"आत्ता तुम्ही लोक म्हणालात."

"बोलण्याच्या ओघात म्हणालो. दम लागतो मला, शब्द निवडत बसू का?"

"हे बघा," त्या म्हणाल्या, "कायद्यात हा आजही गुन्हाच आहे. सगळे नियम पाळले तरच मला शिक्षा नाही. नंतर एक समिती माझा कागदन् कागद वाचते. पण समितीचं सोडा. तुम्ही स्वतःहून मागताय याची माझी मला खात्री पटावी लागते. आज ती पटत नाही."

डेर्क चिडला. चिडायलाही त्याला श्वास पुरेना. "गुरुवारी मी नाही म्हणालो... ते लगेच पटलं. आज हो म्हणतोय... तर पटत नाही?"

"नाही म्हणायला कारण लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळे दोघांचाही राग येत होता.

फाटकाशी डॉक्टरांनी मला थांबवलं. "तुम्ही त्यांना चाळीस वर्षं ओळखता. तुम्हाला काय वाटतं? हे त्यांचं स्वतःचं आहे?"

आता बघा, मी काय बोलायचं? त्याचंच आहे म्हणावं, आणि तो केवळ लोकलाजेने निघाला असेल, तर मीच त्याला ढकलल्यासारखं. नाही म्हणावं, तर तो एक एक श्वासासाठी तडफडत जाणार, ज्याची त्याला सगळ्यात भीती होती. मी म्हणाले, "मला नका विचारू, डॉक्टर. तुम्हाला हे शिकवलंय, मला नाही."

"आम्हालाही नाही शिकवलेलं," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्या गुरुवारी दोन वाजले आणि काहीच झालं नाही. शुक्रवारी सकाळी डेर्कने खिडकीतून हात हलवून मला बोलावलं.

"चाकाची खुर्ची काढ. चल."

"कुठे?"

"फेरीला. तुझ्याने नीट निस्तरलं नाही, आता मलाच जायला हवं. ती यादी घे."

सिलिंडर मांडीवर, डोक्यावर टँकरवाल्याची जुनी टोपी, आणि मी मागून ढकलतेय. दोन दिवस लागले अकरा घरांना. प्रत्येक दारात तो म्हणायचा, "बघून घ्या, आहे अजून. हर्मिनाने घाई केली." सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मग तो टोपी काढायचा. "आणि कधी म्हणून विचारायचं नाही. मला नाही, मार्लूसला नाही, हिला तर मुळीच नाही. कोणी विचारलं तर दहा वर्षं जगून दाखवेन." गेरिटकडे त्याने कॉफीच्या कपात नाक घातलं आणि म्हणाला, "हे मी नेणार नाही." गेरिट पोट धरून हसला, आणि मग गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला.

डिना म्हणाली, "तुझ्यासाठी मेणबत्ती लावली होती मी. फुकट गेली."

"उरली असेल ती ठेव," डेर्क म्हणाला. "लागेल."

घरी आल्यावर त्याने माझ्याकडून यादी मागून घेतली आणि चुलीत टाकली.

त्यानंतर खरंच कोणी विचारलं नाही. मे महिना चांगला गेला. ऊन पडलं की तो दारात बसायचा, मी समोरून जाऊन बसायचे. आम्ही गायींबद्दल बोलायचो, गेरिटच्या नव्या ट्रॅक्टरला नावं ठेवायचो. डॉक्टरांची गाडी यायची, जायची. त्या आत काय बोलतात ते मी विचारलं नाही. गाडी दिसली की मी खिडकीकडे पाठ करायचे. वाटायचं, माझं बघणंसुद्धा त्याला विचारल्यासारखं होईल. जूनमध्ये त्याला दारापर्यंतही येता येईना. चौदा पावलांची सहा झाली, मग पलंगच. एकदा म्हणाला, "हर्मिना, गुरुवारचा नाही माझाच होता. पण त्याच्या आधीचा होही माझाच होता. असं कसं?" मी म्हणाले, "तुला नाही कळत तर मला कुठून कळणार?" यावर तो समाधानाने हसला, का ते मला समजलं नाही.

जूनच्या मध्यावर, एका मंगळवारी सकाळी, गाडी पुन्हा लागली. मी पाठ करून मटार सोलत बसले. अकराच्या सुमाराला मार्लूस मागच्या दाराने आली.

"हर्मिना मावशी," ती म्हणाली, आणि पुढे बोलेना.

"नक्की?" मी विचारलं. असं विचारल्याची मला लगेच लाज वाटली.

"हो. सव्वादहाला."

"डॉक्टरांनी विचारलं त्याला?"

"विचारलं. पण बाबाने आधी मला विचारलं."

"काय?"

"हर्मिना निघालीय का." मार्लूसने नाक पुसलं. "मी म्हटलं, तिला काहीच माहीत नाही, बाबा. तर म्हणाला, खिडकीतून बघ. मी बघितलं. तुझी सायकल भिंतीला टेकलेली होती. तेव्हा म्हणाला, ठीक, मग हो."

मी मटाराची टोपली बाजूला ठेवली. सरकारी डॉक्टर येऊन कागद तपासून गेला, त्यानंतर मी समोर गेले. डेर्कच्या हाताला हात लावला. थंड होता. या वेळी हात लावल्याशिवाय मी निघणार नव्हते. मग पडदे ओढले आणि सायकल काढली.

यादी नव्हती, पण क्रम पाठ होता. दारात उभी राहून तेच वाक्य. बहुतेकांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "नक्की?" हसलं मात्र कोणी नाही. गेरिटने काहीच विचारलं नाही, टोपी काढली आणि माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आला. डिनाने कपाटातून ती अर्धी मेणबत्ती काढली.

दफनाच्या कॉफीला मी डॉक्टरांना गाठलं. "मी त्या सकाळी निघालेली असते तर तो काय म्हणाला असता?" त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. खोटं तरी बोलल्या नाहीत.

मला कधी वाटतं, त्याला फक्त मोकळं हवं होतं, हो म्हणायलाही आणि नाही म्हणायलाही, आणि माझ्या सायकलीने त्याला ते दिलं. कधी वाटतं, अख्खा कायदा, दोन डॉक्टर, समिती, सगळं एकीकडे, आणि त्याचं शेवटचं उत्तर माझ्या सायकलीवर अडलेलं. बेरेंड म्हणतो, सोड आता. सोडते. पण त्या मंगळवारी घरातला पाव संपला होता, आणि मी दहाला गावात जायला निघणार होते. आधी मटार सोलून घेऊ म्हटलं, म्हणून सायकल भिंतीला होती.